ता. क.

रविवार आहे. मेगाब्लॉकमुळे कसाऱ्याकडे जाणारी गाडी कल्याणला वीस मिनिटं थांबते आणि मग शहाडला मला उतरवून रिकामी रिकामी पुढे निघून जाते. पुलावरून खाली येताना प्रचाराच्या तीन रिक्षा मला गाठतात. कल्याण-डोंबिवलीच्या उमेदवाराची एक, उल्हासनगरच्या उमेदवाराची दुसरी. शहाडचा काही भाग या पालिकेत, काही त्या पालिकेत, त्यामुळे रस्ता ओलांडला की नगरसेवक बदलतो. तिसरी रिक्षा नुसतं गाणं लावून फिरते आहे, कुणाचं ते कळत नाही. बुधवारी संक्रांत, गुरुवारी मतदान.

आत्याच्या दारात चपलांच्या शेजारी तीन पोती उभी आहेत. बिल्डिंग पुनर्विकासाला जायची आहे, मार्चअखेर जागा खाली करायची. पोत्यांवर आप्पांनी खडूनं लिहिलं आहे: भांडी, रद्दी, बघू. सगळ्यात मोठं पोतं ‘बघू’चं.

आत्या स्वयंपाकघरात तीळ भाजते आहे. कढई खाली उतरवलेली, पण हात अजून चालतोच आहे, कारण कढई गरम असेपर्यंत तीळ करपतात. मला बघून म्हणते, “आलीस? आत जा. ह्यांना आवर. सकाळपासून तारेला लागलेत.”

आप्पा पलंगावर पाय वर घेऊन बसलेले आहेत आणि त्यांच्यासमोर खरोखरच तार आहे. जाड लोखंडी तार, खालच्या टोकाला लाकडाची चकती, वरचं टोक आकड्यासारखं वळवलेलं. ही तार नव्हती असं एकही घर माझ्या लहानपणी नव्हतं. पत्र आलं, वाचलं, उत्तर गेलं की ते तारेत खुपसायचं. या तारेला १९७१ ते १९८६ लागलेलं आहे. सगळ्यात खाली १९७१, वर १९८६. पंधरा वर्षांची वीतभर जाडी.

आप्पा आरएमएसमध्ये होते. रेल्वे मेल सर्व्हिस. भुसावळच्या बाजूला जाणाऱ्या गाडीच्या लाल डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं निवडायची, भिंतीवरच्या खणांत टाकायची, स्टेशन यायच्या आत थैलीचं तोंड बांधून लाखेचा शिक्का मारायचा. “डबा डुलायचा, पण हात चुकायचा नाही,” हे वाक्य मी आजवर किमान शंभर वेळा ऐकलं आहे. एकशे एकावं आत्ता ऐकते. त्यांच्या खात्याचा एकेक खांब त्यांच्यादेखत गेला. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. २०२५ च्या १ सप्टेंबरपासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं, तेव्हा आप्पा दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते म्हणे.

“हे बघ,” ते तारेच्या तळातून एक इनलँड अलगद सोडवतात.

निळा कागद घड्यांवर पांढरा पडला आहे. मधोमध तारेचं भोक, कडेनं गंजाची तपकिरी कडी. भोक नेमकं एका शब्दातून गेलं आहे. वर छापील तिकिटाच्या शेजारी आणखी एक चिमुकलं तिकीट, पाच पैशांचं. त्यावर लिहिलं आहे: शरणार्थी सहायता. १९७१ च्या नोव्हेंबरात बांगलादेशच्या निर्वासितांसाठी सरकारनं टपालावर हा जादा पाच पैशांचा कर बसवला होता आणि तो १९७३ च्या मार्चपर्यंत चालला. साधं कार्ड त्यातून सुटलेलं, पण इनलँडला मात्र हे तिकीट लावावंच लागे.

पत्र आप्पांच्या वडिलांचं, चिपळूणजवळच्या गावाहून आलेलं. ‘श्री’, मग ‘चि. यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.’, मग इकडील सर्व क्षेम. क्षेम एका ओळीत उरकलं आहे आणि लगेच लढाई सुरू. खिडक्यांना काळा कागद लावलात का? कारखान्यांच्या गावात राहता, रात्री दिवा बाहेर दिसू देऊ नका. रेडिओवर ढाक्याचं ऐकलं. यापुढे, नवं वाक्यसुद्धा न करता, सुपारी उतरवली, दर बरा नाही. गाय आटली. धाकटीला बघायला पाहुणे आले होते, त्यांचा निरोप अजून... आणि इथे भोक.

“अजून काय?” मी विचारते.

“आला नाही असेल. किंवा आवडला नाही,” आप्पा म्हणतात. “चौपन्न वर्षं झाली, मी रोज वेगळं वाचतो.”

आत्या बाहेर येते, हात पदराला पुसत. तिकिटावर बोट ठेवते. “हे तिकीट लावलेलं पत्र घेऊन मी खाली उभी होते, तर समोरची सिंधी मावशी म्हणाली, आमच्या वेळेला का नाही गं लावलं कुणी असं तिकीट?” आणि ती हसते. उल्हासनगर इथून हाकेच्या अंतरावर. कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या लोकांना ठेवलं होतं, १९४९ च्या ऑगस्टात त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पूर्वेच्या शरणार्थींसाठी पश्चिमेच्या शरणार्थींनी पाच-पाच पैसे भरले, ही गोष्ट मी कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात वाचलेली नाही. ती या इनलँडच्या कोपऱ्यात चिकटलेली आहे.

मी इथे आज खरं तर वेगळ्याच पत्रांसाठी आले आहे. माझ्या पिशवीत आनंदीबाई जोशींचं चरित्र आहे, काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं, आनंदीबाईंच्या पत्रांसह. आत्याची नात न्यू जर्सीत एडिसनला असते. तिला कुणीतरी सांगितलं की तुमच्या कल्याणची ती पहिली डॉक्टरीण इथे जवळच, रोझेलला राहायची. त्यावर तिनं आजीला फोन केला, आजीनं मला. आमच्याकडे माहितीचा प्रवास असाच होतो, अमेरिकेपासून डोंबिवलीपर्यंत व्हाया शहाड.

“वाच,” आत्या म्हणते आणि परातीत गूळ किसायला घेते.

मी वाचत जाते आणि मधे मधे सांगत जाते. कल्याणच्या जोश्यांची यमुना, जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, लग्नानंतर नाव आनंदी. नवरा गोपाळराव, वयानं बराच मोठा, बिजवर आणि पोस्टात कारकून.

“पोस्टात?” आप्पा चष्मा काढतात. आत्तापर्यंत ते ऐकत नव्हते.

पोस्टातच. कल्याण, अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, पुढे कलकत्त्याकडे. बदली झाली की बायकोला बरोबर घेऊन जायचं आणि शिकवायचं. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला, तो दहा दिवसांचा होऊन गेला. कोल्हापूरला असताना गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र घातलं, बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागायला. मिशनऱ्यानं मदत केली नाही, पत्र मात्र आपल्या मासिकात छापलं. ते मासिक न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर नावाच्या बाईंनी चाळलं. कुठे? दाताच्या डॉक्टरकडे, नंबर यायची वाट बघत असताना.

आत्याचा गूळ थांबतो. “दातदुखीनं झालं होय सगळं!”

१८८० पासून या दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला. एकीनं दुसरीला पाहिलेलं नाही. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणतात. सण, रीतीभाती, खाणंपिणं, प्रकृती, इथल्या बायकांची दशा, सगळं एकाच पत्रात यायचं. रोझेलच्या त्या घराला हिंदुस्थान कळला तो असा, घरच्या खुशालीबरोबर. मग १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरच्या कॉलेजात, म्हणजे बंगालमधल्या, आपलं नगरचं नव्हे, त्यांनी आपण अमेरिकेला का जातो आहोत यावर जाहीर भाषण केलं. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट, ४ जूनला न्यूयॉर्क. वय अठरा. धक्क्यावर मावशी उभ्या.

यानंतरची पत्रं उलट्या दिशेनं येतात. अमेरिकेहून, गोपाळरावांना.

आप्पा उठून कपाटातून एक जुना रेल्वेचा नकाशा काढतात. मला वाटतं विषय बदलला. बदललेला नसतो. ते बोट मुंबईवर ठेवतात. “तेव्हा विलायतेची डाक कुठे उतरायची? मुंबई बंदरात. सुएझ सुरू झालेला १८६९ ला. आणि मुंबई ते कलकत्ता सलग रूळ झाला १८७० ला. कुठून? थळ घाटातून, जबलपूरकडून.” बोट कल्याणवरून सरकतं आणि मग अगदी हळू. “म्हणजे बाईनं फिलाडेल्फियाहून नवऱ्याला श्रीरामपूरला पत्र टाकलं, की ते इथून जायचं. ह्या खिडकीखालून.”

त्याच वेळेला खिडकीखालून खरंच एक मेल धडधडत जाते, कसाऱ्याच्या दिशेनं, थांबा नसलेली. परातीतला गुळाचा ढीग थोडा खचतो. कथेत असं लिहिलं असतं तर मी ते वाक्य खोडलं असतं.

शहाड स्टेशन तेव्हा नसणार, पण रूळ होता. कल्याणच्या पुढे वासिंदपर्यंत गाडी १८५५ ला गेलेली. कल्याणात जिचं माहेर, तिची पत्रं माहेराच्या वेशीवरून न थांबता पुढे जात होती. डाकेच्या थैलीला शिक्का मारलेला असतो. आप्पा म्हणतात, “मधे कुणी उघडू शकत नाही. बापसुद्धा.”

पत्रांत काय आहे, आत्या विचारते. म्हणजे तिला विचारायचं आहे की ती पोर जेवायची काय.

थंडीचं आहे. फिलाडेल्फियातल्या खोलीतली शेगडी धड पेटायची नाही, पेटली तर धूर. शाकाहाराची पंचाईत आहे. लुगड्याचं आहे. नऊवारीत तिकडच्या गारठ्यात पाय उघडे पडतात, म्हणून आनंदीबाई गुजराती पद्धतीनं साडी नेसायला लागल्या, आणि त्या एवढ्याशा बदलावर नवऱ्याची नाराजी समुद्रापलीकडून आली. बायको परधर्मात जाईल की काय, बदलेल की काय, हा गोपाळरावांचा घोर. त्यांनीच पाठवलेली, आणि तेच संशय घेणार. अशा एका पत्राला उत्तर देताना आनंदीबाई जुनं सगळं काढतात. दहा वर्षांची असताना लाकडाचे तुकडे फेकून मारलेत, खुर्च्या आणि पुस्तकं अंगावर भिरकावलीत, सोडून जाईन म्हणून धमकावलंत. तुमचं वागणं बरं की वाईट, याचा निवाडा मला करता येत नाही, अशा अर्थाचं त्या लिहितात आणि त्याच पत्रात त्यांच्याविषयीची कृतज्ञताही आहे.

स्वयंपाकघरात बराच वेळ नुसता किसणीचा आवाज.

“समोरासमोर बोलली नसती हो,” आत्या म्हणते. आप्पांकडे बघून नाही, गुळाकडे बघून. “महिनाभराचं अंतर मधे असलं की बोलता येतं.”

मला हे फार पटतं. आनंदीबाईंचं पदवीचं छायाचित्र आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, शाळेच्या भिंतीवर असतं ते. ११ मार्च १८८६, पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, समारंभाला पंडिता रमाबाई हजर, व्हिक्टोरिया राणीचा अभिनंदनाचा निरोप. त्या छायाचित्रातली बाई मला कधी जिवंत वाटली नाही. धुरानं डोळे चोळत नवऱ्याला खरमरीत उत्तर लिहिणारी मात्र शेजारच्या खोलीत बसली आहे असं वाटतं.

राजकारण म्हणावं तर तेही आजूबाजूला भरपूर चाललेलं. त्या फिलाडेल्फियात शिकत असताना १८८४ ला ग्रोव्हर क्लीव्हलंड अध्यक्षपदी निवडून आले. ज्या बायका आनंदीबाईंना शरीरशास्त्र शिकवत होत्या, त्यांच्यापैकी कुणालाही मत नव्हतं. ते देशभर मिळायला १९२० उजाडावं लागलं. इकडे १८८५ च्या डिसेंबरात मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. आणि आनंदीबाई? अमेरिकन बायकांसमोर बालविवाहाची बाजू घेऊन बोलल्या, आणि त्या बायका चकित झाल्या. आत्या कपाळाला हात लावते, त्या हाताचा गूळ कपाळाला लागतो. मी काही बचाव करत नाही. परक्या घरी आपल्या घराबद्दल कुणी वाईट बोललं की माणूस कुठली बाजू घेईल याचा नेम नसतो, एवढं मात्र मला माहीत आहे.

आप्पा पुन्हा तारेकडे वळले आहेत. आता १९७७ हातात आहे. वडिलांचं अक्षर थरथरायला लागलेलं. इंदिराबाई पडल्या, ही पहिली ओळ, क्षेमाच्याही आधी. मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले, आपल्या कोकणातला माणूस. तर तू रेल्वेच्या डाकेत आहेस, तुला आतलं कळत असेल, कोकणात गाडी येणार हे खरं का? आली तर तुझ्या आईला शहाडला आणता येईल, बोटीनं आणि यष्टीनं तिला उलट्या होतात.

“मी लिहिलं, येणार म्हणून,” आप्पा म्हणतात. “मला काय डोंबलाचं कळत होतं!”

कोकण रेल्वे पूर्ण होऊन देशाला अर्पण झाली १ मे १९९८ ला. तारेवरचं शेवटचं पत्र १९८६ चं आहे.

पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ झाल्यावर, घडीच्या पट्टीवर, आडवं करून लिहिलेलं एक वाक्य आहे. ता. क. तुझी आई म्हणते, सुनेला म्हणावं, पाचव्या महिन्यात पपई खाऊ नको.

“मी पाच महिन्यांची आहे हे आम्ही कळवलंच नव्हतं,” आत्या म्हणते. “कसं कळलं त्यांना, आजवर कोडं आहे मला.” सासूबाईंना लिहिता येत नव्हतं. पंधरा वर्षांच्या त्या वीतभर जाडीत त्यांचं बोलणं सापडतं ते एवढंच, ताज्या कलमात, दुसऱ्याच्या अक्षरात. मी उलगडून बघते. जवळजवळ प्रत्येक पत्राच्या कडेला एक ता. क. आहे. वर लढाया, निवडणुका, सुपारीचे दर. कडेला ती बाई.

“पण त्या गेल्याचं पत्र?” मी विचारते. “सासऱ्यांचं?”

आत्या चमकून बघते. “ते कसं असेल? दुखवट्याचं पत्र घरात ठेवतात का कुणी? बाहेरच्या बाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं.” खरं आहे. मी विसरले होते. या तारेवर कुणीच मेलेलं नाही.

इतक्यात टेबलावरचा फोन थरथरतो. एडिसनहून नात. तिकडे पहाट आहे, बाहेर बर्फ. ती एका दमात सांगते की खोकला बरा आहे, गाडी बर्फातून काढताना हात गारठले, नव्या व्हिसाची एक लाख डॉलरची फी कुठलीही कंपनी भरणार नाही म्हणून तिच्या मैत्रिणीचं येणं बारगळलं, आणि आजी, तिळाच्या लाडवाला पाक किती तारी? आत्या सांगते, तार नाही बघायची, पाण्यात थेंब टाकायचा, गोळी टणक वाजली पाहिजे. आप्पा मधेच ओरडतात, “मतदान गुरुवारी आहे म्हणावं!” जसं काही ती येणार आहे.

मग ती एक फोटो पाठवते. गेल्या रविवारी ती पोकिप्सीला जाऊन आली, न्यूयॉर्क राज्यात, एडिसनहून दोन तास. दफनभूमी, बर्फ, दगड. आनंदीबाई पदवी घेऊन १८८६ च्या अखेरीस परत आल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नेमणूक झाली होती, ते काम हातात घेता आलंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं. गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर मावशींना पाठवल्या, आणि मावशींनी त्या आपल्या घरच्यांच्या दफनभूमीत ठेवल्या, नाव कोरून.

आत्या फोन डोळ्यांजवळ धरते. दोन बोटांनी फोटो मोठा करते, दगडावरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करते. “मावशी म्हणायची, ते खरं केलं तिनं,” एवढंच म्हणते आणि फोन मला परत देते. काचेवर गुळाचा ठसा.

खाली भंगारवाल्याची आरोळी येते. आप्पा गॅलरीत जातात, त्याला वर बोलावतात. तो तीन पोत्यांकडे बघतो, खडूची अक्षरं वाचतो आणि अनुभवी माणसासारखा ‘बघू’ला हात लावत नाही. ‘रद्दी’ उचलून काट्याला लावतो. मग पलंगावरच्या तारेकडे बघून विचारतो, “ते पण द्यायचं का काका? लोखंडाचे वेगळे धरतो.”

आप्पा काही बोलत नाहीत. आत्याच आतून म्हणते, “ती तार राहू दे.”

दुपारी चार वाजता मी निघायच्या तयारीत असताना आत्या माझ्यापुढे एक कोरं इनलँड ठेवते. नातीला पत्र लिही म्हणते, मी सांगते तसं. फोनवर सांगून झालं असलं तरी. आप्पा हसतात, “इनलँड देशाबाहेर जात नाही गं. अडीच रुपये फुकट जातील.” मग पाकीट शोधलं जातं. ‘बघू’च्या पोत्यात सापडतं.

मी लिहिते. चि. हिस अनेक उत्तम आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम. तीळ यंदा महाग आहेत. प्रचार फार मोठ्यानं चाललाय, दुपारची झोप लागत नाही. मार्चमध्ये जागा सोडायची, भाड्याची खोली आंबिवलीला बघितली आहे, दुसरा मजला, लिफ्ट नाही. कळावे.

सही करायला कागद आत्याकडे देते. ती पेन घेते आणि सही करण्याआधी, कडेला, आडवं करून, स्वतःच्या अक्षरात लिहिते:

ता. क. पत्रं रद्दीत दिलेली नाहीत.